विळीवालीची पाटी

बंगालातल्या आमच्या बेलशुलीच्या श्रीधर मंदिराच्या दर्शनी भिंतीवर भाजलेल्या मातीच्या चारशेबारा पाट्या आहेत. गणिताचा मास्तर असल्यामुळे मी त्या तीनदा मोजल्यात. रामाची वानरसेना, कृष्णाची नाव, हुक्का ओढणारे साहेब, शिकारी कुत्री, पालख्या, सगळं आहे. पण गावातल्या कुणालाही विचारा, तो तुम्हाला आधी कमानीच्या डाव्या हाताला, खालून दुसऱ्या ओळीपाशी नेईल. तिथे तीन पाट्यांवर मिळून एकच प्रसंग आहे. पहिल्या पाटीवर भाला रोखून घोडा उधळत येणारा बर्गी. तिसऱ्या पाटीवर भाताची कणगी, आणि तिच्यातून डोळ्यांपुरतं डोकं वर काढून बघणारा शेंडीवाला माणूस. या दोघांच्या मध्ये पदर खोचून उभी असलेली एक बाई. तिच्या हातात मासळी चिरायची विळी.

बर्गी म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार. नागपूरकडून यायचे, चौथाई मागायचे, मिळाली नाही तर कोठारं पेटवायचे. ते आले तेव्हा रायांचा मूळपुरुष कणगीत बसला आणि बाई दारात उभी राहिली, असं गाव सांगतं. बाई कोण होती हे कुणालाच माहीत नाही. बागदीपाड्यातले मासे धरणारे म्हणतात बागदी होती, कुंभारपाड्यातले म्हणतात कुंभारीण. देऊळ मात्र बांधलं रायांनीच, कणगीतल्या माणसाच्या नातवानं, चंडीचरण रायांनी.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तोवर मधल्या पाटीला लोणा लागून बाईचं सगळं अंग झडून गेलं होतं. बर्गी होता, कणगी होती, मध्ये नुसती भुसभुशीत वीट. पंचविशीच्या आतल्या पोरांनी बाई पाहिलेलीच नव्हती. अशा एकतीस पाट्या गेल्या होत्या, म्हणून समितीनं दुरुस्ती काढली. मी समितीचा सेक्रेटरी. अध्यक्ष भवतारण राय. भाताची गिरणी त्यांची, बटाट्याचं कोल्ड स्टोरेज त्यांचं, देवळामागचं मोठं तळं त्यांचं. माणूस दुष्ट नव्हता. जन्मात त्याला कुणी ‘नाही’ म्हटलं नव्हतं, एवढंच.

काम दिलं अष्टमी कुंभकारला. चाळिशीची, अंगानं काटक, पांचमुड्याहून आमच्या गावच्या सुबलला दिलेली. आमच्याकडे कुंभारांच्या बायका माती वाहतात, मळतात, मडकी रंगवतात, पण चाकाला हात लावत नाहीत. कलकत्त्याचे एक सेनबाबू पलीकडच्या गावी जुन्या देवळाची दुरुस्ती करत होते, तिथे ही भिंत धुवायला मजूर म्हणून गेली आणि तीन हिवाळ्यांनी कारागीर होऊन परतली. पाड्यातल्या म्हाताऱ्यांनी कुरकूर केली तेव्हा म्हणाली, “चाकाला बंदी आहे ना? मी चाकू धरते. चाकूचं कुठं काही सांगितलंय?”

पौषात भात घरात आल्यावर ती परांचीवर चढली. आधी तिनं भिंतीतलं मीठ काढायला घेतलं. रद्दी कागदाचा ओला लगदा करून पाट्यांवर थापायचा, वाळू द्यायचा, सोलायचा. सोललेला कागद जिभेला लावून बघायची आणि थुंकायची. “अजून खारट आहे,” म्हणून पुन्हा थापायची. एकेका पाटीला पाच-पाच वेळा. माती रायांच्या तळ्यातलीच घ्यायची, कारण जुन्या पाट्या त्याच मातीच्या. दुसऱ्या मातीचा रंग भाजल्यावर वेगळा येतो.

हिशेबापुरती ती माझ्याकडे यायची. चुरमुरे खात ओट्यावर बसायची.

“मास्टरमशाय, ओली बारा बोटं भाजून अकरा होतात. मला भाजून आठ इंच हवी. ओली केवढी कापू?”

“पावणेनऊला किंचित कमी.”

“किंचित म्हणजे केवढं?”

“नखाएवढं.”

“तुमच्या की माझ्या? तुमची नखं शाळेत घासून गेलीत.”

माघ निम्मा सरला तेव्हा एकवीस पाट्या बसल्या होत्या. एका सकाळी भवतारणबाबू देवळात आले. दोलपौर्णिमेला, म्हणजे होळीच्या पुनवेला, जिल्ह्याचे मोठे साहेब उद्घाटनाला येणार असं ठरलं होतं. बाबू परांचीखाली उभे राहून वर बघत म्हणाले, “अष्टमी, खाली ये जरा. त्या डावीकडच्या तीन पाट्या आहेत ना, तिथे महिषमर्दिनी करायची. मध्ये दुर्गा, इकडे सिंह, तिकडे असुर.”

ती वरूनच म्हणाली, “तीन कशाला? गेलीय ती मधलीच. बर्गी धड आहे, कणगी धड आहे.”

“तिन्ही काढायच्या.”

“धड पाटी मी काढत नाही, बाबू. सेनबाबूंनी पहिल्या दिवशी शिकवलंय. जे आहे ते ठेवायचं, जे गेलंय तेवढंच भरायचं.”

“देवाच्या दारात विळी घेऊन बाई! बाहेरची माणसं हसतात.”

“बाईला हसतात की कणगीला?”

मी तिथेच वही घेऊन उभा होतो. मला खोकला आला. भवतारणबाबूंचे कान लाल झाले. बरीच वर्षं हा विषय त्यांच्यासमोर कुणी काढला नव्हता. शाळेत असताना पोरं त्यांना ‘कणगी’ म्हणून चिडवायची, हे मला माहीत होतं, कारण चिडवणाऱ्यांत मीही होतो.

“तोंड सांभाळून बोल,” ते म्हणाले. “देऊळ आमच्या पूर्वजांनी बांधलंय.”

अष्टमी आता उतरून खाली आली. हात चुन्यानं पांढरे झालेले, ते तिनं लुगड्याला पुसले. “तेच म्हणतेय मी. चंडीचरण रायांनी बांधलं. कारागिरानं ही पाटी लावली तेव्हा ते काय आंधळे होते? दररोज सकाळी इथूनच आत जायचे ना? आजोबांची फजिती त्यांनी स्वतःच्या देवळावर, देवासमोर लावून घेतली. केवढी छाती असेल त्या माणसाची! तुम्ही त्यांचेच ना?”

बाबू तसेच वळून गेले. दुपारी समितीची बैठक बोलावली गेली. ठराव झाला: तीन पाट्या काढून तिथे महिषमर्दिनी बसवावी; अष्टमी कुंभकार हिनं नकार दिल्यास तिचं काम थांबवावं. सात जण होतो. कुणी तोंड उघडलं नाही. सेक्रेटरी म्हणून सही माझी. आमचे बटाटे बाबूंच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असायचे, माझा धाकटा मुलगा गिरणीत हिशेब लिहायचा. मी सही केली, घरी आलो, आणि माझ्या वाटणीची खसखशीची भाजी धाकट्याच्या ताटात वाढली.

संध्याकाळी अष्टमी आली. या वेळी ओट्यावर बसली नाही.

“ठराव वाचला. अक्षर छान आहे तुमचं.”

“अष्टमी, समजून घे. मी एकटा काय करणार होतो?”

“काही नाही. तुम्हीही बसा कणगीत. मोठी आहे ती, जागा होईल.”

एवढं बोलून ती वळली. मी तिला हाक मारली. का मारली सांगता येणार नाही. ट्रंकेत खाली माझ्या आठवीच्या वर्गाचा फोटो होता. आम्हा पोरांना देवळाच्या पायऱ्यांवर बसवून काढलेला. मी दुसऱ्या ओळीत डावीकडे, आणि माझ्या कानाशेजारी, भिंतीवर, ती विळीवाली. फोटो माझ्याकडे आहे हे मी बैठकीत सांगू शकलो असतो. सांगितलं नव्हतं.

अष्टमीनं तो दोन्ही हातांत जपून धरून दारात उजेडाला नेला. मी भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“विळीचा पाट डाव्या बगलेत दाबलाय,” ती म्हणाली. “पातं पुढे. आणि तोंड उघडं आहे हो हिचं! ओरडतेय.”

“काय ओरडत असेल?”

“शिव्या. दुसरं काय?” ती पहिल्यांदा हसली. “फोटो नेते. परत देईन. आणि तुम्ही दिलात म्हणून कुणाला सांगणार नाही, घाबरू नका.”

त्या ‘घाबरू नका’नं मला ठरावापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बाबूंचा माणूस बसला. कुंभारपाड्यातल्या कुणी एक टोपलीही माती न्यायची नाही. पाड्यातले लोक अष्टमीवर चिडले. सुबल स्वभावानं गरीब, आठवडी बाजारात मडकी विकताना गिऱ्हाईक म्हणेल त्याला ‘बरं’ म्हणणारा. तो तिला म्हणाला, “एका पाटीपायी सगळ्यांची माती बंद केलीस. जा, पाय धर त्यांचे.”

“पाय धरायला माझे हात रिकामे नाहीत,” ती म्हणाली, आणि कुदळ घेऊन स्वतःच्या घराचा ओटा खणायला लागली.

सुबल ओरडत माझ्याकडे पळत आला. “मास्टरमशाय, बायको वेडी झाली! घर खणतेय!”

मी गेलो तर ओट्याचा एक कोपरा कमरेएवढा उघडा पडला होता. शेजारणी कुंपणापाशी जमल्या होत्या. अष्टमी घामानं निथळत होती. मला बघून म्हणाली, “सासऱ्यांनी हा ओटा भरला तेव्हा माती त्या तळ्यातलीच आणली होती. चाळीस वर्षं पायाखाली आहे. शेणाचा थर काढला की खाली सगळी लोण्यासारखी. आता बाबूंना म्हणावं, या, आणि माझ्या चुलीपुढून तुमची माती उचलून न्या!”

शेजारणींतली एक म्हातारी फिस्सकन हसली. मग दुसरी हसली. थोड्या वेळानं त्यातल्या दोघी पदर खोचून आत आल्या आणि टोपल्या उचलायला लागल्या. माती भिजवली, जुन्या लुगड्यातून दोनदा गाळली, राखेवर टाकून घट्ट केली. पाच दिवसांनी अष्टमीनं पाटी कापली. पावणेनऊला नखभर कमी.

ती बाई मातीतून वर येताना मी रोज जाऊन बघितली. बोटाएवढा बांबूचा चाकू होता तिचा. आधी खांदे, मग बगलेतला पाट, मग विळीचं वाकडं पातं, सगळ्यात शेवटी उघडं तोंड. डोळे फोटोत दिसत नव्हते. तिथे सावली होती. मी म्हटलं, “जुन्या माणसांना विचारू या का?”

“विचारलं. तीन जणांनी तीन डोळे सांगितले. शेजारच्या पाट्यांवर सगळ्या बायकांचे डोळे एकाच तऱ्हेचे आहेत, लांबट, एका रेघेचे. त्याच कारागिराचा हात. तेच करते. माझ्या मनाचे नाही करणार.”

पहिल्या भट्टीत पाटी दंडापाशी तडकली. भट्टी उघडली तेव्हा सुबल तिच्या शेजारी होता. मला वाटलं, आता तो म्हणेल, बघ, देवाच्याच मनात नाही. तो उकिडवा बसून तडकलेला तुकडा बोटानं चाचपत राहिला. शेवटी म्हणाला, “सरपण ओलं होतं. तू मातीचं बघ, आग मी लावतो.” दुसऱ्या वेळी भट्टी त्यानं लावली. दीड दिवस तिथून हलला नाही. पाटी निघाली ती विटकरी लाल, नाण्यासारखी खणखणीत वाजणारी.

दरम्यान भवतारणबाबूंनी दुर्गापूरहून सिमेंटच्या साच्यातली महिषमर्दिनी मागवली होती. तीन तुकड्यांत, वर चकचकीत रंग दिलेली. फाल्गुन लागताच एका सोमवारी ती बसवायची ठरलं. सकाळी आठाला बाबू, त्यांचे दोन गडी, कागदात गुंडाळलेली दुर्गा आणि सिमेंटचं पोतं, अशी मिरवणूक देवळात पोचली, तर अष्टमी आधीच परांचीच्या सगळ्यात खालच्या फळीवर. मधल्या भुसभुशीत विटेची पोकळी तिनं तासून घेतली होती. खाली इद्रिस मिस्त्री चुना आणि विटांचा चुरा घोटत होता. आमच्या भागातला जुन्या पद्धतीचा चुना घोटणारा तो शेवटचाच गवंडी. त्यात गूळ किती, बेलफळाचा गर किती, हे तो कुणाला सांगत नाही.

“इद्रिस!” बाबू गरजले. “कुणी सांगितलं तुला काम करायला?”

“तुम्हीच, बाबू. पौषात. भिंत पुरी कर म्हणालात. अजून झाली नाही.”

“अष्टमी, खाली उतर.”

ती उतरली नाही. छातीशी बांधलेली पाटी सोडवून तिनं दोन्ही हातांनी वर धरली. अंगणात चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बाईचं उघडं तोंड सगळ्यांना दिसलं. बागदीपाड्यातली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगं, ही तर तीच!”

“समितीचा ठराव आहे,” बाबू म्हणाले. कागद त्यांच्या हातात होता. “मास्टरांची सही आहे यावर. विचारा त्यांना.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभा राहिलो, पण माझीच परीक्षा अशी कधी झाली नव्हती.

“सही माझीच,” मी म्हणालो. “द्या इकडे.”

त्यांनी कागद दिला. त्यांना वाटलं मी वाचून दाखवणार. मी खिशातलं पेन काढलं आणि सहीवर आडवी रेघ मारली. खाली तारीख टाकली. “भित्रेपणानं केली होती. आता काढून घेतली. आणि फोटोही मीच दिला, बाबू. आठवीचा. तुम्हीही आहात त्यात, पहिल्या ओळीत. तेव्हा तुम्ही त्या बाईकडे पाठ करून हसत बसला होतात.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबलं. तेवढ्यात अष्टमीनं चुना थापून पाटी पोकळीत सरकवली आणि तळहातानं दाबली. एक कोपरा किंचित बाहेर राहिला, तिनं लाकडी ठोकळ्यानं तीनदा हळू ठोकला. बसली.

“काढ ती,” बाबू इद्रिसला म्हणाले.

इद्रिसनं हात धुतले, सावकाश पुसले. “काढतो की. पण ओल्या चुन्यात हात घातला तर ती एकटी येणार नाही, शेजारचे दोघेही येतील. मग रायांच्या माणसाला मी फोडला असं होईल. म्हातारपणी हे पाप नको.” मग म्हणाला, “उत्तरेची भिंत आठवते ना? तुमच्या वडिलांनी सिमेंट लावलं होतं. मी नको म्हटलं होतं तेव्हाही. पाणी आत अडकलं, मीठ आत अडकलं, आणि दहा वर्षांत सगळे देव तोंडं गाळून बसले. तुमची ही दुर्गा लावा, ती टिकेल. तिच्या आजूबाजूचे मरतील.”

बाबू गड्यांकडे वळले. गडी जमिनीकडे बघत होते. त्यांतला एक बागदीपाड्यातलाच. शेवटी बाबू एकटेच गेले. कागदात गुंडाळलेली दुर्गा तिथेच राहिली. ती आता चहाच्या टपरीच्या भिंतीत आहे, रोज हार पडतो तिला.

अष्टमीनं त्या पाटीवर ओलं गोणपाट टाकलं आणि पुढचे दहा दिवस दिवसातून चार वेळा भिजवलं. उरलेल्या नऊ पाट्याही तिनं ओट्याच्याच मातीतून केल्या.

दोलपौर्णिमेला मोठे साहेब आले. मांडव, गुलाल, खुर्च्या. सकाळी देवळात गेलो तर कमानीच्या डाव्या अंगाला एक भलामोठा फ्लेक्स ताणून बांधलेला: ‘हार्दिक स्वागत’, आणि साहेबांशेजारी भवतारणबाबूंचा हात जोडलेला फोटो. खालून दुसरी ओळ, तिन्ही पाट्या, पार झाकलेल्या. बाबू मांडवात होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, एक दिवसाचा प्रश्न आहे.

भाषण सुरू झालं. साहेब म्हणत होते, या भिंतीवरची कला जगात दुसरीकडे नाही. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून अष्टमी उठली. नवी लाल काठाची साडी होती. सरळ भिंतीपाशी गेली, कमरेचा बांबूचा चाकू काढला आणि फ्लेक्सची वरची दोरी कापली. सुबलनं, त्या ‘बरं’ म्हणणाऱ्या सुबलनं, पुढे होऊन दुसऱ्या बाजूची गाठ सोडली. साहेब बोलायचे थांबले. माइकमधून नुसती घरघर.

त्या दोघांनी फ्लेक्सची बाजारातल्या कापडासारखी नीट चौपदरी घडी घातली. अष्टमी तो घेऊन भवतारणबाबूंच्या खुर्चीसमोर आली.

“बाबू, पावसाळ्यात कच्च्या मडक्यांवर घालायला फार कामाचा आहे. तुम्हाला नको असला तर मी नेऊ?”

बाबू उठले नाहीत. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला त्यांची थोडी कीव आली, आजही येते. शेजारून साहेबांनी विचारलं, “ही कोण?”

“मी बनवलंय ते,” अष्टमी बाबूंच्या आधीच म्हणाली आणि भिंतीकडे बोट केलं. “ती मधली. या, दाखवते. तिसऱ्या पाटीवर कोण आहे तेही सांगते.”

साहेब खुर्चीवरून उठले आणि तिच्यामागे चालू लागले. मग सगळा मांडवच उठला. मागच्या रांगांतल्या लोकांना दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर चढले.

त्या वर्षी आमच्या बटाट्यांना कोल्ड स्टोरेजमध्ये जागा झाली नाही. आम्ही ते बैलगाडीनं विष्णुपूरला नेले. मुलानं गिरणी सोडली. देवळाच्या संगमरवरी फलकावर देणगीदारांची चौदा नावं आहेत, अष्टमीचं नाही. तळं कुंभारपाड्याला अजून बंद आहे, आणि तिच्या ओट्याचा अर्धा भाग अजून खड्डाच आहे. पाहुणा आला की ती सांगते, “त्या बाजूनं जपून या, तिकडची माती कामावर गेलीय.”